हेलनबाईंचा ओटा

आमच्या घरात अमेरिका आली ती तात्यांच्या तोंडून, आणि तीही बहुतेक जेवणाच्या वेळी. तात्या म्हणजे माझे वडील. ते शेतकी खात्यात होते. शेतकऱ्यांच्या शिकलेल्या मुलांना परदेशातल्या शेतकऱ्यांच्या घरी राहायला पाठवायची एक योजना तेव्हा निघाली होती, आणि आंबेगाव तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या आमच्या पन्नास उंबऱ्यांच्या गावातून, जिथं पावसाळ्यात एस.टी.सुद्धा यायची नाही, तात्या उठले आणि बोटीनं अमेरिकेला गेले. आठ महिने ते आयोवा नावाच्या मुलखात रॉय आणि हेलन या नवराबायकोच्या घरी राहिले. त्यांच्याबरोबर मका पेरला, गाईंचं दूध काढलं, गवत वाळवलं. पण परत आल्यावर त्यांनी शेतीबद्दल फारसं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. ते सांगायचे ते घराबद्दल. त्यातही स्वयंपाकघराबद्दल.

आमचं घर तीन खणांचं. पुढं ओसरी, मधलं माजघर, आणि मागं स्वयंपाकाची खोली. तिला खिडकी म्हणून भिंतीत सोडलेलं वीतभर भोक होतं. घरात माणसं चारच. तात्या, आई, मी आणि बायजाआत्या. आत्या तात्यांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली, आणि आईवेगळ्या तात्यांना तिनंच वाढवलेलं. त्यामुळे घरात तिचा शब्द चाले. पहाटे जातं ओढताना ती ओव्या म्हणायची नाही, नुसती हुंकार देत राहायची, आणि त्या हुंकारावरून आज दळण नाचणीचं आहे की बाजरीचं हे मला अंथरुणातून कळायचं. माझी आई बुटकी होती, जेमतेम पावणेपाच फूट. दहाव्या वर्षी मी तिच्या खांद्याला लागले होते. चुलीपुढं ती पाटावर बसली की काठवट, पिठाचा डबा, मिठाचं मडकं, फुंकणी, सगळं तिच्या हाताच्या टप्प्यात असायचं. तांदळाची भाकरी थापताना ती गुडघ्यावर थोडी उठायची आणि सगळं अंग हातावर टाकायची. थप, थप, थप, आणि मग तव्यावर पडल्याचा आवाज. वर खुरासणीची चटणी, हुलग्याचं कढण, सणावारी मासवडी. आमच्याकडची मासवडी म्हणजे बेसनाची. मासे नाहीत तिच्यात, नुसता आकार. हे आता पुण्यातल्या माझ्या सुनेच्या मैत्रिणींना दरवेळी समजावून सांगावं लागतं.

तर तात्या जेवायला बसले की सांगायचे, ‘‘हेलनबाई उभ्यानं स्वयंपाक करते. बसायचं नाही, वाकायचं नाही. कमरेइतका ओटा, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मधोमध पांढरी मोरी आणि तिच्यावर दोन नळ. एकातनं थंड पाणी, दुसऱ्यातनं कढत.’’ कढत पाण्याच्या नळावर आत्याचा कधीच विश्वास बसला नाही. तात्या सांगायचे की तिथं माणसाएवढं उंच पांढरं कपाट असतं, ते दिवसभर मधमाशीसारखं गुणगुणतं, आणि आतलं दूध आठवडाभर नासत नाही. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, बुधवारी शिवण असा वार ठरलेला. धुण्याच्या यंत्रावर दोन रबरी लाटणी असतात, त्यांच्यामधून कपडा घातला की पिळून, पापडासारखा चपटा होऊन बाहेर येतो. घराखाली तळघर, आणि तिथं काचेच्या बरण्यांच्या रांगा. टोमॅटो, घेवडा, मक्याचे दाणे, पीच नावाची फळं, सगळं हेलनबाईनं उन्हाळ्यात स्वतः उकळून भरून ठेवलेलं. बाहेर गुडघाभर बर्फ पडला तरी घरात टोमॅटोचं सार. टेलिफोनची तार म्हणे आठ घरांत मिळून एकच होती. एकाकडे घंटा वाजली की बाकीच्या सात बायका हळूच उचलून ऐकायच्या.

‘‘मंग आपला पानवठा काय येगळा हाय का?’’ आत्या म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा.

आई ऐकायची, पण विचारायची काही नाही. फक्त एकदा विचारलं. तात्या सांगत होते की कोंबड्यांच्या खाद्याची पोती तिथं फुलाफुलांच्या सुती कापडाची येतात. एकाच नक्षीची दोन पोती मिळाली की हेलनबाई त्यातून झगा शिवते, आणि उरलेल्या तुकड्यांची गोधडी. आई वाढता वाढता थांबली. ‘‘गोधडी? तिकडंबी गोधडी शिवत्यात?’’ तात्या म्हणाले, ‘‘अगदी तुझ्यासारखीच. चौकोन चौकोन जोडून.’’ आई म्हणाली, ‘‘पोत्याचं कापड टिकतं का पर?’’ हेलनबाईनं आईसाठी त्याच कापडाचा, निळ्या फुलांचा एक एप्रन शिवून पाठवला होता. आईनं तो कधी घातला नाही, पण मी तिला तो पेटीतून काढून उलटा करून आतली शिवण निरखताना पाहिलं आहे.

माझ्या तात्यांची थट्टा करणं सोपं होतं आणि गावानं ती भरपूर केली. ते जेवण झाल्यावर धुतलेली भांडी पुसून ठेवायला लागले, कारण रॉय पुसायचा. शेजारची बाई ताक मागायला आली आणि तात्यांच्या हातात ताट आणि फडकं बघून उंबऱ्यावरच थबकली. आई लाजेनं अर्धी झाली. ‘‘अवो, ठिवा ते. लोक बगत्यात.’’ एका रविवारी त्यांनी अमेरिकेतला नाश्ता करून दाखवायचं ठरवलं. पीठ, दूध, अंडं कालवून तव्यावर ओतलं, आणि आत्यानं एक घास खाऊन निकाल दिला, ‘‘सात समुद्र वलांडून गेला आन् धिरडं शिकून आला.’’ पण त्यांच्या त्या वेडामागं काय होतं ते मला मोठेपणी कळलं. हेलनबाई आणि आई एकाच वयाच्या होत्या. एकीची पाठ ताठ होती आणि डोळे स्वच्छ. दुसरी तिशीच्या आत कमरेला हात लावून उठत होती, आणि चुलीच्या धुरानं तिचे डोळे कायम रडल्यासारखे लाल. तात्यांना आठ महिने रोज पहिलीच्या स्वयंपाकघरात उभं राहून दुसरी आठवत होती. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटणारा पुरुष हातात पहार घेतो तेव्हा तो कुणाला विचारत नाही.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून पुढचं समजणार नाही. ती मी पुष्कळ दिवस पोटात ठेवली होती.

तात्या चैत्रात गेले तेव्हा आईला दिवस गेलेले होते. श्रावणात, सातव्या महिन्यातच, तिला कळा सुरू झाल्या. आठवडाभर पावसाची झड लागलेली. माजघर गळत होतं, ओसरीत वारा शिरत होता. घरात कोरडी आणि उबेची जागा एकच, चुलीची कड. आत्यानं तिथंच गोणपाट अंथरलं आणि तिथंच आई बाळंत झाली. मुलगा झाला. तो इतका लहान होता की आत्यानं त्याला कापसात गुंडाळून सुपात ठेवलं. चूल सहा दिवस विझू दिली नाही. मी शेणी आणून द्यायची, आत्या निखारे राखायची, आणि आई भिंतीला टेकून एक हात सुपात ठेवून बसलेली असायची. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजलं की तो ओठ हलवायचा. मला त्याचं नख दाखवलेलं आठवतं. तांदळाच्या कणीएवढं. पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला आत्यानं पाटा मांडून सटवाई पुजली. सहाव्या दिवशी दुपारी त्यानं श्वास सोडला. शेजारच्या काकांनी त्याला नदीकाठी नेऊन पुरलं, मी मागून गेले होते.

तात्यांना पत्र आत्यानं शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलं. त्यात एवढंच होतं की मूल मेलेलंच जन्मलं, बाळंतीण खुशाल आहे. आई अंथरुणावरून म्हणाली होती, ‘‘आक्का, खरं काय ते लिवा.’’ आत्या म्हणाली, ‘‘येकला हाय त्यो तिकडं. त्येला येता यायचं न्हाई. सा दिस व्हतं म्हटलं तर सा दिस डोळ्याम्होरं नाचत ऱ्हाईल. मेलेलं आलं म्हटलं की येका वळीत सपतं.’’ मग मला देव्हाऱ्यापुढं उभं केलं. ‘‘येसू, तात्याला बोललीस तर माझं मेल्याचं तोंड बगशील.’’ मी आठ वर्षांची होते. आत्या मरेल या भीतीनं मी गप्प बसले. तात्या परत आले, त्यांनी एकदा आत्याला चाचरत काही विचारलं, आत्या म्हणाली, ‘‘झालं गेलं, त्या गोष्टी पुरुसानं काढू नयेत,’’ आणि विषय संपला. त्यानंतर आमच्या घरात रोज बोलली गेली ती फक्त अमेरिका.

पुढच्या उन्हाळ्यात आणे गावी मामाचं लग्न निघालं. आईचं माहेर आण्याच्या पठारावर. नारायणगावला गाडी बदलून जायचं. आई दहा दिवसांसाठी गेली. माझी परीक्षा होती म्हणून मी मागं राहिले. आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी जुन्नरहून हुसेनचाचांना बोलावून घेतलं. हुसेनचाचा नावाजलेले गवंडी, पांढरी दाढी, बोलायला गोड. तात्यांनी एक सुतळी काढली. तिला एक गाठ होती. हेलनबाईच्या ओट्याची उंची त्यांनी तिथून सुतळीवर मापून आणली होती. नंतर इंचपट्टीवर धरली तेव्हा बरोबर छत्तीस इंच भरली. हुसेनचाचांनी सुतळी भिंतीला लावून पाहिली आणि म्हणाले, ‘‘भाऊ, वयनी येऊ द्या की. दहा दिसांनी करू.’’ तात्या म्हणाले, ‘‘चाचा, तिला येऊन बघू दे. तिचा विश्वास बसणार नाही.’’ त्यांचा चेहरा तेव्हा लहान मुलासारखा झाला होता. तो मी कधीच विसरले नाही, आणि म्हणून मला त्यांच्यावर कधी धड रागावताही आलं नाही.

आत्या आडवी आली. ‘‘सदा, वटा बांद, धुरांडं बसीव, पर त्या चुलीला हात लावू नगं.’’

‘‘अगं आक्का, जुनी चूल ठेवून ओटा कुठं बसवू? जागा तेवढीच आहे.’’

‘‘नगं म्हणते ना!’’

‘‘का पण? काय आहे त्या चुलीत?’’

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दाराशी उभी होते. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं. आत्ताही येतं. एवढंच म्हणायचं होतं की तात्या, तिथं आपलं बाळ होतं. पण आत्या जिवंत माझ्यासमोर उभी होती, आणि मला ती जिवंतच हवी होती. ‘‘काय न्हाई,’’ आत्या म्हणाली आणि परसात निघून गेली. पहारीच्या तिसऱ्या घावाला चूल सुटली. आतून जुन्या राखेचा लोट उठला आणि हुसेनचाचा खोकत बाहेर आले. मी शाळेचं दप्तर घेऊन गोठ्यात जाऊन बसले. त्या परीक्षेत मी गणितात नापास झाले. आमच्या मास्तरांना नवल वाटलं होतं.

ओटा मात्र देखणा झाला, हे खरं. शहाबादी फरशी, तिच्यावर मातीत बसवलेल्या दोन चुली, आणि पत्र्याचं धुरांडं थेट कौलांतून बाहेर. धूर खरोखरच वर जात होता. आई आली ती संध्याकाळच्या गाडीनं. तात्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला आत नेलं. ‘‘डोळे मिट. आता उघड.’’ आई दारातच उभी राहिली. तिनं ओट्याकडं पाहिलंच नाही. ती खालची जमीन बघत होती, जिथं नव्या सारवणाचा ओलसर चौकोन दिसत होता. मग म्हणाली, ‘‘चूल कुटं टाकली?’’ तात्या हसत म्हणाले, ‘‘माती होती, उकिरड्यावर टाकली. का गं?’’ आई पाय धुवायला गेली आणि परत येऊन स्वयंपाकाला लागली.

चार दिवस तिनं त्या ओट्यावर रांधायचा प्रयत्न केला. ओटा तिच्या छातीला लागत होता, आणि त्यावर चूल, चुलीवर पातेलं. आतलं शिजलं की करपलं ते तिला दिसायचं नाही. टाचा वर करून बघायची. मग पाटावर पाट ठेवून त्यांवर उभी राहायला लागली. भाकरी तर थापताच येईना, कारण भाकरीला वरून अंगाचा भार लागतो, आणि तिचे हात खांद्याच्या रेषेत. जाड, चिरलेल्या भाकऱ्या व्हायच्या. तात्या मुकाट्यानं खायचे. पाचव्या दिवशी सकाळी पाट डुगडुगला, तिनं तोल सावरायला हात टाकला तो कढणाच्या पातेल्याला लागला, आणि उकळतं कढण कोपरापासून मनगटापर्यंत ओघळलं. तात्या धावले. कोरफड आणली, फुंकर घालायला लागले, ‘‘अगं, बघून करायचं ना,’’ असं काहीतरी बोलून गेले.

आईनं हात काढून घेतला. ‘‘तुमी तितनं सुतळी मापून आनली. माझी उंची इचारली व्हती का कुनाला?’’

लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि ती तात्यांना इतकं मोठ्यानं बोललेली मी कधीच ऐकली नव्हती. त्याच दिवशी तिनं परसात तीन दगड मांडले आणि तिथं रांधायला सुरुवात केली. ओटा रिकामा पडला. कोंबडी त्याच्यावर चढून बसायची. तात्यांनी अमेरिकेचं नाव काढायचं बंद केलं. घर इतकं शांत झालं की मला आत्याच्या जात्यावरच्या हुंकाराचीही सोबत वाटू लागली.

अशात हेलनबाईचं पत्र आलं. निळं, पातळ, घडीचं, आतबाहेर बारीक अक्षरांनी भरलेलं. तात्यांनी ओटा बांधायच्या आधी मोठ्या हौसेनं त्यांना कळवलं होतं, त्याला उत्तर. रविवार होता. आम्ही सगळे ओसरीवर होतो. आत्या वाल सोलत होती. तात्यांनी वाचून मराठीत सांगितलं. पाऊस बरा झाला. रॉयचा पाय घोड्यानं लाथ मारल्यामुळं दुखावलाय. आणि मग, तुमच्या पत्नीला नवं स्वयंपाकघर कसं वाटलं? तिनं स्वतः सांगितलेलं मला ऐकायचं आहे, तुमच्याकडून नको. तात्या इथं अडखळले. मग हळूच म्हणाले, ‘‘तुझ्याकडून काही लिहू का?’’

आई गोधडीला टाके घालत होती. भाजलेल्या हातावरची खपली निघून तिथं गुलाबी कातडी आली होती. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती म्हणाली, ‘‘लिवा.’’

तात्यांनी पत्र्याची पेटी पुढं ओढली, तिच्यावर कागद ठेवला. आई एक वाक्य सांगायची आणि तात्यांची लेखणी थांबेपर्यंत थांबायची.

‘‘लिवा. हेलनबाई, तुमी धाडलेला एप्रन पोचला. शिवण लई बारीक हाय. मला तशी येत न्हाई.’’ तात्यांनी लिहिलं. ‘‘तुमी वट्याचं इचारलं. वटा आमच्या मालकांनी लई मायेनं बांदला. धूर व्हत न्हाई आता.’’ तात्यांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. ‘‘लिवलं का? आता लिवा. जितं वटा हाय, तितं आदी चूल व्हती. त्या चुलीपशी श्रावणात मला मुलगा झाला.’’

लेखणी थांबली. ‘‘मुलगा?’’ तात्या म्हणाले. पत्रात नुसतं मूल होतं. मुलगा की मुलगी हेही त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

‘‘लिवा. थांबू नगा. सातव्या महिन्यात झाला, लई बारका व्हता. सुपात मावायचा. चुलीच्या उबंला सा दिस व्हता.’’

तात्यांनी आत्याकडं पाहिलं. आत्याच्या मांडीवरचे वाल खाली सांडले. ‘‘सदा,’’ ती म्हणाली, ‘‘म्याच लिवू दिलं न्हाई. हिचा काय दोस न्हाई. तू येकला व्हतास रं तिकडं. म्हटलं, माझ्या पोराचा जीव जाईल.’’ आणि पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. मीही रडायला लागले, कारण मला वाटलं आता आत्या मरणार.

आई रडली नाही. ती गोधडीकडं बघत होती. ‘‘हेलनबाई, लिवा, तो दूद प्याला. मी बोट दिलं की धरायचा. मी त्येला सांगायची, तुजा बाप लांब गेलाय, येईल. त्येच्या बापाला दाखवाया मला ती जागाच तेवडी उरली व्हती. वटा चांगला हाय. पर मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. झालं. सपलं.’’

तात्या लिहीत होते. इंग्रजी त्यांना चांगलं येत होतं, पण त्या दिवशी एकेक शब्द ते विहिरीतून ओढल्यासारखा काढत होते. पुष्कळ वर्षांनी, आई गेल्यावर, मी त्यांना विचारलं होतं, तेव्हा कसं लिहिलंत? ते म्हणाले, मराठीत लिहायचं असतं तर हातातून लेखणी पडली असती. इंग्रजीत होतं म्हणून पूर्ण केलं. मला वाटतं आईलाही ते कळलं होतं. बायकोनं नवऱ्यापुढं तोंड वर करून बोलायची रीत आमच्याकडं नव्हती. तिनं सात समुद्रांपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या बाईला सांगितलं, आणि ते तात्यांच्या हातून गेलं.

कागद घडी करून तात्या उठले. मला म्हणाले, ‘‘येसू, तुला जागा माहीत आहे?’’ मी होकाराची मान डोलावली. आम्ही दोघं नदीवर गेलो. करंजाच्या खाली तीन दगड होते, त्यांतला एक पुरात वाहून गेलेला. तात्या तिथं बसले. मी त्यांच्या शेजारी बसले. नदीतून दोन म्हशी पोहत पलीकडं गेल्या आणि पलीकडून परत आल्या तेव्हा आम्ही उठलो. आता ती जागा डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे, घर आणि गावही. पण मला करंज कुठल्या अंगाला होता ते धरणाच्या भिंतीवर उभं राहून बरोबर सांगता येतं. वाटेत मी म्हटलं, ‘‘तात्या, मी सांगणार होते.’’ त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘तू लहान होतीस. विचारायचं मी होतं.’’ आत्याशी ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढं ताट घेऊन बसले आणि म्हणाले, ‘‘आक्का, वाढ.’’ तिनं वाढलं. त्यांच्यात त्याहून जास्त काही झालं नाही, आणि मला वाटतं लागलंही नाही.

हुसेनचाचा पुन्हा आले. या वेळी तात्या ओसरीवरच थांबले. आई आत गेली आणि हुसेनचाचांना म्हणाली, ‘‘चाचा, धुरांडं ऱ्हाऊ द्या, ते ब्येस हाय.’’ मग भिंतीला पाठ लावून ताठ उभी राहिली, हाताला चुना लावला आणि आपल्या कमरेच्या खाली चार बोटं भिंतीवर रेघ ओढली. ‘‘हितवर.’’ हुसेनचाचा रेघेकडं बघून म्हणाले, ‘‘आता कसं! ह्येला म्हनत्यात माप.’’ ओटा अर्ध्या फुटानं खाली आला. एका बाजूला जमिनीवरच, तिच्या सांगण्यावरून, भाकरी थापायला बसती जागा ठेवली. पुढं गावातल्या सात-आठ घरांनी तसाच ओटा आणि तसंच धुरांडं करून घेतलं, आणि प्रत्येक घरात आई जाऊन त्या घरच्या बाईला आधी भिंतीशी उभी करायची.

हेलनबाईचं उत्तर यायला अडीच महिने लागले. तेवढ्यात भात लावून झालं होतं आणि आईनं मला गणितात दोनदा मारून पास करवलं होतं. पत्र छोटं होतं. तात्यांनी ते आधी मनात वाचलं, मग आईजवळ जाऊन बसले. ती ओट्यापाशी उभी राहून चिंच कोळत होती. हेलनबाईनं सांत्वनाचं एकही मोठं वाक्य लिहिलं नव्हतं. तिनं लिहिलं होतं की आमच्या घरी संध्याकाळी जेवायला बसलो की डोळे मिटून आम्ही आपल्या माणसांची नावं घेतो, जिवंत असलेल्यांची आणि गेलेल्यांचीही. रॉयनं आणि मी तुमच्या मुलाला त्यात घेतलं आहे. पण ‘तो लहान मुलगा’ असं म्हणायला बरं वाटत नाही. त्याचं नाव काय होतं ते कळवा.

‘‘नाव...’’ तात्या म्हणाले. बारावा दिवस उगवलाच नव्हता. बारसं झालं नव्हतं, मग नाव कुठून असणार? आत्या माजघरातून म्हणाली, ‘‘लिव, आमच्यात ठिवायच्या आदीच गेला म्हणून.’’

आईनं चिंचेचा हात धुतला नाही, तसाच धरून ठेवला. ‘‘व्हतं की,’’ ती म्हणाली. ‘‘सटवाई पुजली त्या सांजला मी त्येच्या कानात सांगितलं व्हतं. म्हटलं, बिननावाचा कशाला जाईल. रघुनाथ.’’

तात्यांनी कागद ओट्यावरच ठेवला आणि उभ्यानं लिहायला लागले. आधी मराठीत लिहिलं, मग त्याच्या खाली इंग्रजी अक्षरांत. रघुनाथ लिहून झाल्यावर त्यांनी लेखणी उचलली नाही. आमच्याकडं मुलाच्या नावापुढं बापाचं नाव येतं. त्यांनी ते जोडलं. रघुनाथ सदाशिव. ‘स’ हे अक्षर वेडंवाकडं आलं, आणि आई टाचा वर न करता त्यांच्या हाताखाली डोकावून म्हणाली, ‘‘नीट लिवा. त्यास्नी वाचता आलं पायजे.’’